होडीच्या इंजिनाचे रबरी नळ

दरवर्षी १ जूनला गोव्याच्या किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी थांबते आणि ३१ जुलैपर्यंत बंद राहते. या एकसष्ट दिवसांत मालीम, शापोरा, कुटबण आणि वास्कोचा खारीवाडा येथील धक्क्यांवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात. फाटलेली जाळी दुरुस्त होतात, लाकडी फळ्यांच्या सांध्यांत नवा कापूस ठासला जातो, तळाला रंग चढतो. आणि ज्या मालकाच्या हाती हंगामाअखेर चार पैसे उरले असतील तो इंजिनही उघडतो. इंजेक्टर तपासायला जातात, गिअर-बॉक्सचे तेल बदलते, पंख्याची वाकलेली पाती सरळ होतात. एवढे सगळे होऊनही एक वस्तू बहुधा जागच्या जागी राहते. ती म्हणजे इंजिनाला थंड ठेवणारे पाणी वाहून नेणारे रबरी नळ. फार झाले तर इंजिनाला रंग देताना एक हात त्यांच्यावरूनही फिरतो, आणि मग ते पूर्वीपेक्षा अधिकच धडधाकट दिसू लागतात.

या उपेक्षेचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. झिजलेला पिस्टन हातात घेतला की झिजलेला दिसतो, फाटलेले जाळे लांबूनही कळते. रबरी नळ मात्र वरून काळा आणि गुळगुळीत राहून आतून खलास झालेला असू शकतो. शिवाय तो स्वस्त आहे. स्वस्त वस्तूविषयी माणसाच्या मनात आदर कमी असतो, मग तिच्यावर अवलंबून असलेली वस्तू कितीही मोलाची असो.

लहान होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनाला हा प्रश्न फारसा पडत नाही. ते होडीच्या बाहेर असते. समुद्राचे पाणी घेते आणि समुद्रातच सोडते. त्यातले काही फुटले तरी होडीत थेंब येत नाही. होडीच्या पोटात बसविलेल्या इंजिनाची गोष्ट निराळी. त्याला थंड ठेवायचे तर होडीच्या तळाला हेतुपुरस्सर भोक पाडून समुद्र आत आणावा लागतो. या भोकावर एक कॉक असतो. त्याला सी-कॉक म्हणतात. तेथून पाणी गाळणीच्या भांड्यात येते, शेवाळ आणि प्लास्टिकचे तुकडे मागे ठेवते आणि रबरी पात्यांच्या पंपाकडे खेचले जाते. पंप ते पुढे ढकलतो. साध्या इंजिनांत हेच खारे पाणी सरळ इंजिनाच्या अंगातून फिरते. पुष्कळशा इंजिनांत मात्र दोन पाणी वेगळी ठेवलेली असतात: आत कूलंट बंदिस्त फिरत राहते, आणि समुद्राचे पाणी बारीक नळ्यांच्या जुडग्याभोवती किंवा त्यातून जाऊन कूलंटची उष्णता घेते व बाहेर पडते. या दुहेरी व्यवस्थेचे मूळ मिठात आहे. खारे पाणी साठ अंशांच्या फार वर तापले की त्यातील क्षार धातूवर थर धरू लागतात; डिझेल इंजिन तर ऐंशी अंशांच्या आसपास सुखाने चालते. काही होड्यांत तळाच्या बाहेरून धातूचे नळ नेऊन कूलंटच त्यांतून फिरवितात. तेथे खाऱ्या पाण्याचा पंप लागत नाही.

व्यवस्था कोणतीही असो, सांध्यांवर रबर असतेच. ते का असावे, सगळे नळ तांब्यापितळेचे का नसावेत, असा प्रश्न नव्या मालकाला पडतो. उत्तर इंजिनाकडे पाहिले की मिळते. इंजिन चालू असता आपल्या पायांवर सारखे थरथरत असते आणि होडीचा तळ त्या मानाने स्थिर असतो. या दोहोंना कठीण धातूने जखडले तर धातू थकतो आणि तुटतो. रबर हे दोघांमधले भांडण मिटवीत असते, आणि मिटवता मिटवता स्वतः झिजत असते.

आता मुख्य गोष्ट. सी-कॉकपासून पंपापर्यंतचा नळ बहुधा पाण्याच्या पातळीखाली असतो. म्हणजे व्यवहारात तो नळ इंजिनाचा भाग राहतच नाही. तो होडीच्या तळाचा भाग होतो. तळाची फळी जे काम करते तेच तो करतो, समुद्राला बाहेर ठेवतो. फरक इतकाच, की फळी दोन इंच जाडीची असते आणि नळाची भिंत काही मिलिमीटरांची. मालकाला तळाची फळी मऊ झाल्याचे कळले तर तो होडी पाण्यात सोडणार नाही. त्याच फळीचे काम करणारा नळ आठ-दहा वर्षांचा झाला असेल, तर त्याची कोणी चौकशीही करीत नाही.

हा धोका किती, याचा हिशेब साधा आहे. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर दीड इंच व्यासाचा नळ निखळला, तर मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येते. पंधरा लिटरची बादली धरली तर मिनिटाला नऊ बादल्या. तासाभरात हा आकडा आठ हजार लिटरांच्या पुढे, म्हणजे आठ टनांहून जास्त होतो. व्यास दुप्पट असेल तर पाणी चौपट. आणि होडी जसजशी जड होऊन खाली बसते तसतशा एरवी कोरड्या राहणाऱ्या फटीही पाण्याखाली जातात. रात्रीची वेळ, जाळे पाण्यात, इंजिनाचा एकसुरी आवाज. अशा वेळी इंजिनाच्या खोलीत पाणी भरत असल्याचे पहिल्या अर्ध्या तासात कोणाच्याच ध्यानात न येणे अगदी शक्य असते. ते ध्यानात येते तेव्हा बॅटऱ्या बुडालेल्या असतात, आणि पाणी उपसणारा विजेचा पंप तर बॅटरीवरच चालतो.

दिवाडी आणि चोडण बेटांवरील माणसे ज्या फेरीबोटींतून रोज ये-जा करतात त्यांच्या दोन्ही बाजूंस किनारा दिसत असतो. समुद्रात दूर गेलेल्या ट्रॉलरवरील माणसांना तो दिलासा नाही. गोव्याच्या ट्रॉलरांवर आज काम करणाऱ्यांत ओडिशा, झारखंड, कर्नाटक अशा राज्यांतून आलेले खलाशी पुष्कळ आहेत. हा नळ बदलावयाचा की आणखी एक हंगाम काढावयाचा, हे ज्या बैठकीत ठरते तिला ते नसतात. नळ फुटतो तेव्हा मात्र होडीत तेच असतात.

रबर मरते कसे, हे समजून घेतले तर नळ बदलण्याची निकड आपोआप पटते. सर्वांत परिचित मरण उष्णतेचे. वर्षानुवर्षे तापून नळ काठीसारखा ताठ होतो आणि वळणावर त्याला भेगा पडतात. हे डोळ्यांना दिसते, म्हणून त्यातल्या त्यात बरे. दुसरे मरण तेलाचे. कूलंटसाठी जे रबर सर्रास वापरतात त्याचे पाण्याशी आणि उष्णतेशी चांगले जमते, परंतु खनिज तेलाशी त्याचे वैर आहे. वरच्या सांध्यातून डिझेल किंवा वंगण ठिबकत असेल तर खालचा नळ फुगतो, मऊ होतो, बोटाला चिकट लागतो. अशा ठिकाणी नुसता नळ बदलून भागत नाही. गळती आधी थांबवावी लागते.

तिसरे मरण फसवे आहे. कूलंटच्या नळांना आतून, आणि तेही टोकांजवळच, बारीक उभ्या भेगा पडतात. मधला भाग शाबूत असतो. उष्णतेने हे व्हावयाचे तर सगळा नळ सारखाच बिघडावयास हवा. १९८० नंतरच्या दशकात मोटारींच्या नळांच्या अभ्यासातून याचा उलगडा झाला. रबर विजेला वाट देत नाही असे शाळेत शिकविले जाते. परंतु काळ्या रबरात काजळी मिसळलेली असते आणि ती विजेला थोडीफार वाट देते. धातूची तोटी, कूलंट आणि हे काजळीमिश्रित रबर यांच्या सान्निध्याने एक क्षीणशी विद्युत्‌घटमाला तयार होते, आणि तिच्या क्रियेने रबराच्या आतल्या थराला सूक्ष्म चिरा पडतात. चिरांतून कूलंट आतल्या सुताच्या विणीपर्यंत झिरपते, वीण कुजते आणि एके दिवशी दाब न सोसून नळ टोकाजवळ फुटतो. बाहेरून तो शेवटच्या दिवसापर्यंत नवा दिसतो. पुढे कारखान्यांनी रबराचे मिश्रण सुधारले आणि हा दोष कमी झाला. तरी बाजारात मिळणारा प्रत्येक नळ त्या मिश्रणाचा असतो असे नाही. पारख करण्याची एक सोपी रीत आहे. इंजिन पूर्ण थंड असता क्लॅम्पपासून इंच-दीड इंचावर नळ अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबावा आणि मग तोच प्रयोग नळाच्या मध्यावर करावा. टोकाशी नळ मऊ, पोकळ किंवा आत खाच असल्यासारखा लागला तर त्याचे दिवस भरले आहेत.

चौथ्या प्रकारात तर पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही. पंपाकडे पाणी खेचून आणणाऱ्या नळावर आतून दाब नसतो, ओढ असते. म्हणून या नळाच्या भिंतीत तारेचे वेटोळे घातलेले असते. ते त्याला चपटा होऊ देत नाही. नळ कापताना तारेचे टोक उघडे राहिले की खारे पाणी त्या तारेच्या वाटेने भिंतीत शिरते, तार गंजते आणि नळाचा आतला पदर सुटू लागतो. इंजिन संथ चालते तेव्हा ओढ कमी, म्हणून सुटलेला पदर जागेवर राहतो व सर्व ठीक वाटते. वेग वाढविला की ओढ वाढते, पदर आत झुकतो आणि पाण्याची वाट अडते. धक्क्यावर थंड राहणारे इंजिन समुद्रात पूर्ण वेगाने तापते, असे कोडे मग मेकॅनिकपुढे येते. तो थर्मोस्टॅट बदलतो, पंपाची पाती बदलतो, हीट-एक्स्चेंजर उघडून साफ करतो, आणि कोडे तसेच राहते, कारण दोष ज्या नळात आहे तो बाहेरून निर्दोष असतो.

काही होड्यांत, विशेषतः पर्यटकांना नेणाऱ्या वेगवान बोटींत, इंजिनाचा धूर समुद्राच्या पाण्यात मिसळून रबरी नळानेच बाहेर सोडतात. इंजिनातून निघणारा धूर जोराच्या कामात चारशे अंशांच्या वरही असू शकतो; पाण्याची फवार त्याला रबर सोसेल इतके थंड करते. पाणी थांबले की हा नळ थोड्याच वेळात करपू लागतो. करपलेल्या नळातून जो धूर बोटीच्या आत शिरतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नसतो.

नळ निवडताना म्हणूनच प्रत्येक जागेचा धर्म पाहावा लागतो. ओढीच्या बाजूस तारेचा, दाबाच्या बाजूस सुताच्या विणीचा, गरम कूलंटसाठी उष्णता सोसणारा, धुरासाठी त्याच कामाकरिता बनविलेला. बागेला पाणी घालण्याचा पारदर्शक नळ तारेचा असला तरी येथे निरुपयोगी आहे. उष्णतेने तो मऊ पडतो आणि क्लॅम्पखालून निसटतो. तरीही तो अनेक होड्यांत आढळतो, कारण तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. व्यास आतला मोजावयाचा असतो, आणि तो तोटीवर तंतोतंत बसला पाहिजे. सैल नळ क्लॅम्प आवळून घट्ट करता येतो ही समजूत चुकीची आहे. आवळल्यावर रबराला चुणी पडते आणि पाणी नेमके त्या चुणीतून वाट काढते.

क्लॅम्पविषयीही दोन शब्द अवश्य. स्क्रूने आवळण्याची जी गोल पट्टी आज सर्वत्र दिसते तिचे पेटंट ब्रिटिश नौदलातील कमांडर लम्ली रॉबिन्सन यांना १९२१ मध्ये मिळाले. दर्यावर्दी माणसानेच ही युक्ती काढावी हे यथायोग्यच झाले. परंतु बाजारातील पुष्कळ क्लॅम्पांची पट्टी तेवढी स्टेनलेस असते आणि स्क्रू साध्या पोलादाचा. समुद्रावर दोन हंगामांत स्क्रू गंजून जातो आणि चकचकीत पट्टी निरर्थक राहते. दुकानातच लोहचुंबक लावून पाहावे; स्क्रू चुंबकाला घट्ट चिकटला तर तो क्लॅम्प परत करावा. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक टोकाला, तोटीची लांबी पुरत असेल तर, दोन क्लॅम्प लावण्याची रीत आहे. त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंस ठेवावेत.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम कौशल्यापेक्षा सबुरीचे आहे. पहिली गोष्ट सी-कॉक बंद करणे, आणि तो खरोखरच बंद झाला आहे याची खात्री करणे. येथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण वर्षभर न फिरविलेला कॉक अडकून बसलेला असतो. तो जोर लावून तोडण्यापेक्षा होडी ओढून वर घेतल्यावरच हे काम काढावे, आणि त्याच वेळी कॉकही उघडून साफ करावा. पुढे महिन्यातून एकदा तो फिरवीत राहिले म्हणजे अडकत नाही. कूलंटच्या टाकीचे झाकण इंजिन गरम असता उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून तोंडावर येते.

जुना नळ सहसा सुखाने सुटत नाही. तो पिळून, हिसके देऊन ओढला तर तोटीच वाकते किंवा हीट-एक्स्चेंजरचा सांधा तडकतो, आणि स्वस्त काम महाग होऊन बसते. नळ नाहीतरी टाकून द्यावयाचा आहे. तेव्हा धारदार सुरीने त्याला तोटीच्या लांबीभर उभी चीर द्यावी आणि सालीसारखा सोलून काढावा. मात्र सुरीचे पाते तोटीच्या धातूवर ओरखडा उठविणार नाही इतके हलके चालवावे. मग तोटी उघडी पडते. तिच्यावर पांढरे मीठ किंवा हिरवट कळंक चढलेला असतो. तो बारीक पॉलिश-कागदाने साफ करावा आणि खालचा धातू निरखून पाहावा. तोटी खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेली असेल तर उत्तम नळसुद्धा तिच्यावर गळेल.

नवा नळ बसविण्यापूर्वी क्लॅम्प त्यावर ओवून घ्यावेत. ही सूचना बाळबोध वाटेल, परंतु घाईत नळ दोन्ही टोकांना बसवून झाल्यावर क्लॅम्प हातातच राहिल्याचे प्रसंग कारखान्यांत नित्याचे आहेत. नळ जात नसेल तर त्याचे टोक गरम पाण्यात बुडवावे आणि तोटीला साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. कापलेल्या टोकाशी तार उघडी असेल तर ती रबरी सीलंटने झाकावी. तोटीच्या टोकाशी जो उंचवटा असतो त्याच्या मागे क्लॅम्प यावा, आणि तो इतकाच आवळावा की पट्टी रबरात रुतेल पण रबर कापणार नाही. इंजिन चालवून, तापवून, पुन्हा थंड झाल्यावर सर्व क्लॅम्प आणखी एकदा पाहावेत. नवे रबर पहिल्या उष्णतेत दबते आणि पट्टी सैल पडते. जो हे दुसऱ्या दिवशीचे काम गाळतो त्याच्या होडीत आठवडाभरात ओल दिसते.

एवढी काळजी घेऊनही समुद्रात नळ फुटणारच नाही असे नाही. जुने तांडेल अधूनमधून कठड्यावरून वाकून इंजिनाचे पाणी बाहेर पडते आहे की नाही ते पाहतात. ही सवय फार मोलाची आहे. धार बारीक झाली की काटा चढण्यापूर्वीच कळते. पंपाच्या पुढचा नळ फुटला असेल तर इंजिन चालू असेपर्यंत पंप स्वतःच समुद्र होडीत ओतत राहतो. म्हणून आधी इंजिन बंद, मग सी-कॉक बंद, आणि मग दुरुस्ती. कॉकच मोडला तर निमुळते लाकडी बूच ठोकून भोक बंद करता येते. ते बूच कॉकलाच दोरीने बांधून ठेवलेले असावे, कारण अंधारात, गुडघाभर पाण्यात ते शोधता येत नाही. कूलंटच्या नळाला चीर पडली असेल तर ती जागा पुसून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी, वरून दोन-तीन क्लॅम्प आवळावेत, टाकी पुन्हा भरावी आणि कमी वेगाने, काट्यावर नजर ठेवून परतावे. ही पट्टी धक्क्यापर्यंत पोहोचण्यासाठी आहे. तिच्यावर उरलेला हंगाम काढणारे मालक आहेत, हे दुर्दैव.

नळ किती वर्षांनी बदलावेत? पाच वर्षांच्या पलीकडे त्यांवर विसंबू नये, असे सामान्यपणे मानले जाते. पाण्याच्या पातळीखालचा नळ त्याआधी गेला तरी हळहळ नको. दरवर्षी हाताने दाबून तपासणी व्हावी ती वेगळीच. डिझेलवर एका फेरीत जो खर्च होतो त्याच्या शेजारी सर्व नळ आणि क्लॅम्प यांची किंमत ठेवून पाहिली, म्हणजे हा खर्च पुढच्या वर्षावर ढकलण्यात कितपत शहाणपण आहे ते मालकाचे त्यालाच उमजेल.

काढलेले जुने नळ लगेच फेकून देऊ नयेत. ते टोकापासून टोकापर्यंत उभे चिरून उन्हात उघडे ठेवावेत आणि तांडेल व इंजिन-ड्रायव्हर यांना दाखवावेत. मध्ये गुळगुळीत आणि टोकाशी तडकलेले, किंवा आतला पदर जिभेसारखा लोंबणारे, असे एक-दोन त्यांत बहुधा निघतातच. नव्या नळांवर बसविल्याचा महिना आणि साल पांढऱ्या रंगाने लिहावे. एका वहीत प्रत्येक नळाची जागा, आतला व्यास आणि लांबी टिपून ठेवावी, आणि त्या मापांचा एक-एक नवा तुकडा, चार-सहा क्लॅम्प व एक चांगला पेचकस यांसह, तेलापासून दूर असलेल्या पेटीत होडीवरच ठेवावा.